खिळे मारणारी बंदूक

आपल्याकडे घर म्हटले की दगड, माती, विटा, नाहीतर सिमेंट. लाकूड लागायचे ते आढ्याला, वाशांना आणि दारा-खिडक्यांना. अमेरिकेत आणि कॅनडात मात्र साधे राहते घर बहुधा लाकडी सांगाड्याचेच असते. तिथल्या पट्टीला ‘टू-बाय-फोर’ म्हणतात. नावाला दोन इंच नि चार इंच. रंधा मारल्यावर भरते दीड नि साडेतीन. अशा पट्ट्या सहसा सोळा-सोळा इंचांवर उभ्या करायच्या, वर आणि खाली आडव्या ठोकायच्या, की झाला भिंतीचा सांगाडा! आपला जुना सुतार खाच पाडून जोड बसवीत असे; तिथे सारी भिस्त खिळ्यावर. एका घराला हजारो खिळे. हात भरून येतील नाहीतर काय? म्हणून तिकडच्या सुताराने हातोडा बाजूला ठेवून नेलगन, म्हणजे खिळ्यांची बंदूक, हाती घेतली.

हिच्यात दारू नसते. कॉम्प्रेसरमधून नळीने दाबाची हवा येते, दर चौरस इंचाला साधारण ७० ते १२० पौंड. चाप ओढला की ती हवा आतल्या दट्ट्याला खाली लोटते आणि दट्ट्याचे पाते एका फटक्यात खिळा लाकडात घालते. गॅसवर आणि बॅटरीवर चालणाऱ्याही असतात.

घेताना काय पाहावे? सांगाड्याला तीन ते सव्वातीन इंचांचा खिळा चालतो. हा खिळा हातोडीच्या खिळ्यापेक्षा सहसा बारीक असतो. तेव्हा तितकीच बळकटी हवी तर संख्या वाढवावी लागते. काही ठिकाणी बांधकामाचे नियम पुऱ्या गोल डोक्याचाच खिळा मागतात, आणि कापलेल्या डोक्याचे खिळे घेणारी बंदूक तिथे फुकट जाते. वाळवी लागू नये म्हणून तांबेयुक्त औषध मुरवलेल्या लाकडात साधा खिळा लवकर गंजतो. त्याला जस्ताच्या रसात बुडवून काढलेला खिळा हवा.

पण खरी पारख चापाची. बंदुकीचे नाक लाकडावर दाबल्याखेरीज खिळा सुटत नाही, हे सगळ्याच चांगल्या बंदुकांत असते. एका प्रकारात मात्र चाप दाबूनच ठेवायचा आणि नाक टेकवत जायचे. जिथे टेकेल तिथे खिळा. काम झपाट्याने होते खरे, पण धक्क्याने बंदूक उसळून नाक पुन्हा टेकले तर न मागितलेला दुसरा खिळाही येतो. दुसऱ्या प्रकारात आधी नाक, मग चाप, असा क्रम पाळावाच लागतो आणि प्रत्येक खिळ्याला दोन्ही सोडून पुन्हा दाबावे लागतात. अमेरिकेत २००१ ते २००५ या काळात दर वर्षी सुमारे ३७,००० माणसे या हत्याराच्या जखमा घेऊन इस्पितळांच्या तातडीच्या विभागात आली. २०११ साली तिथल्या सरकारी खात्यांनी कंत्राटदारांसाठी पुस्तिका काढली, तीत दुसऱ्या प्रकारचाच चाप वापरावा असे सांगितले आहे.

तुम्ही म्हणाल, मास्तर, हे अमेरिकेचे पुराण आम्हांला कशाला? अहो, हिचीच धाकटी बहीण आता आपल्या फर्निचरवाल्यांकडे आली आहे, प्लायवूडला बारीक खिळे मारणारी. आमच्याच घरी काम चालले होते. एक पोरगा चापावर बोट ठेवून शिडी चढत होता. गुडघ्याला नाक लागले नि खिळा मांसात! हाड वाचले, एवढेच नशीब. ‘बोट कुठं होतं रे?’ असे विचारले, तर म्हणाला, ‘सवयीनं राहतं, सर.’

म्हणून दुसरा हात खिळ्यापासून निदान वीतभर नव्हे, फूटभर लांब ठेवा. गाठीवर मारू नका, खिळा वाकून भलतीकडेच निघतो. डोळ्यांना चष्मा हवा. खिळा अडकला तर आधी हवेची नळी काढा, मग बोट घाला. आणि हवा नाही म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजन कुणी जोडू नका, बंदूक फुटते.

आपली बंदूक कोणत्या चापाची, हे ओळखायचे असेल तर एक टाकाऊ ओंडका जमिनीवर ठेवा. कुणाचा हातपाय जवळ नको. आधी चाप ओढून धरा, मग नाक ओंडक्यावर दाबा. खिळा सुटला तर ती पहिल्या प्रकारची, धोक्याची.