घरची सौरवीज की तारेवरची वीज?

नंदुरबार जिल्ह्याचे दोन भाग स्वभावतःच निराळे आहेत. तापीकाठच्या सपाटीवर तारेवरची वीज नेणे सोपे असते. सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत मात्र पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले असल्याने ते काम कष्टाचे व खर्चाचे ठरते. म्हणून सौरवीज परवडते काय, या प्रश्नाचे उत्तर सर्वत्र एकच असणार नाही.

प्रथम तारेची जोडणी असलेल्या घराचा हिशेब पाहू. एक किलोवॅटचा सौरसंच वर्षाच्या सरासरीने महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देतो; पावसाळ्यात ती घटते. संचाची किंमत ५०,००० रुपये धरल्यास, २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचे ३०,००० रुपये अनुदान वजा जाता पदरचे २०,००० रुपये लागतात.

आता विजेचा दर युनिटला ६ रुपये धरू. महिन्याला १२० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाचे ७२० रुपये वाचतात व घातलेली रक्कम सुमारे २८ महिन्यांत परत येते. केवळ ४० युनिट वापरणाऱ्याचे २४० रुपयेच वाचतात. त्यास जवळजवळ सात वर्षे लागतात. कर्ज काढल्यास व्याजही मिळवावे. मीटरचा स्थिर आकार दोघांनाही भरावाच लागतो. दिवे व एखादा पंखा एवढीच गरज असलेल्याने म्हणूनच घाई करू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बॅटरीविना तारेला जोडलेला संच, तारेवरची वीज गेली की आपोआप बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवास धोका होऊ नये, यासाठी ही योजना असते. रात्रीच्या अंधारावर हा संच उपाय नव्हे.

जेथे तार पोहोचलीच नाही, तेथे बॅटरीचा संच घ्यावा लागतो. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, परंतु बॅटरी त्याआधी अनेकदा बदलावी लागते. तो पैसा दरमहा बाजूस न काढल्यास चांगला संचही निरुपयोगी होऊन पडतो.

पॅनेल दक्षिणाभिमुख, सुमारे २१ अंश कललेले व आंबा-महूच्या सावलीपासून दूर असावे. कौलारू छपराच्या लाकडांची बळकटी आधी तपासावी. धूळ वेळोवेळी पुसावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक कुटुंबाची मागील बारा महिन्यांची बिले समोर ठेवून हा हिशेब मांडून दाखवावा. संच केवढा हवा, हे शेजाऱ्याच्या छपरावरून नव्हे, तर आपल्या बिलावरून ठरविणेच हितावह होय.