जुन्या मालमोटारीचे जड झालेले स्टिअरिंग

बृहन्महाराष्ट्रातील मराठी कुटुंबांचा विषय निघाला, की नोकरदार, शिक्षक आणि संस्थानी चाकरीतील घराणीच प्रथम आठवतात. परंतु इंदूर, बेळगाव, बडोदे किंवा हैदराबाद येथे एक-दोन मालमोटारींवर प्रपंच चालविणारी मराठी घरेही आहेत. गाडी दहा-बारा वर्षांची झाली, की तिची दुखणीखुपणी ही त्या घराचीच दुखणी होऊन बसतात. त्यांपैकी एका दुखण्याविषयी, म्हणजे स्टिअरिंगला बळ पुरविणाऱ्या पंपाविषयी, आम्ही येथे चार गोष्टी सांगणार आहोत. पंप बदलणे हे काही तासांचे काम आहे. तो का बिघडला हे न शोधता बदलला, तर मात्र तोच खर्च पुन्हा करण्याची वेळ येते.

प्रथम हा पंप करतो काय, ते पाहू. भरलेल्या मालमोटारीच्या पुढील आसावर पाच-सहा टनांचा भार असतो. तेवढ्या भाराखालील चाके नुसत्या मनगटाच्या जोरावर वळविणे किती कष्टाचे असते, हे जुन्या पिढीतील चालक चांगले जाणतात. फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकन अभियंता पिअर्स-ॲरो कंपनीच्या मालमोटार विभागात काम करीत असे. त्याने हे कष्ट पाहिले आणि १९२६ साली तेलाच्या दाबावर चालणारे साहाय्यक स्टिअरिंग सिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धात ते अवजड लष्करी वाहनांवर वापरले गेले आणि १९५१ साली क्रायस्लर कंपनीने ते विक्रीच्या मोटारीत बसविले. आपल्याकडे १९५४ साली जमशेदपूर येथे टाटा-मर्सिडीझ मालमोटारी तयार होऊ लागल्या; त्या काळच्या बहुतेक गाड्यांना हे साहाय्य नव्हते. आज ते सर्रास आढळते.

पंपाची रचना साधी, पण नाजूक असते. इंजिनाच्या पट्ट्यावर किंवा गिअरवर फिरणाऱ्या एका चकतीच्या खाचांत पोलादाच्या पातळ पात्या सरकत्या बसविलेल्या असतात. चकती लंबगोल कड्यात फिरू लागली, की पात्या बाहेर येऊन कड्याला घासत तेल पुढे ढकलतात. चालकाने चक्र फिरविले, की हे तेल स्टिअरिंग बॉक्समधील दट्ट्यावर दाब देते. अवजड गाडीत हा दाब १०० ते १५० बारपर्यंत चढतो. ट्रकच्या टायरमधील हवेचा दाब सात-आठ बारच असतो, यावरून त्याची कल्पना यावी. पात्या व कडे यांच्यामधील फट अत्यंत सूक्ष्म असते. तेलातून धातूचा चुरा किंवा धूळ फिरू लागली, की ती फट वाढते, तेल आतल्या आत मागे गळू लागते आणि दाब उतरतो.

म्हणून बिघाडाची पहिली खूण धावत्या गाडीत नव्हे, तर गोदामाच्या आवारात दिसते. तेथे इंजिन मंद चालत असते, म्हणून पंप कमी तेल देतो. आणि गाडी जवळजवळ उभी असल्याने वळविण्यास जोर मात्र अधिक लागतो. सकाळी हलके वाटणारे स्टिअरिंग दुपारी जड होत असेल, तर तेही झिजेचे लक्षण आहे. कारण तापून पातळ झालेले तेल वाढलेल्या फटीतून अधिक गळते. चक्र वळविताना येणारा घूं-घूं आवाज मात्र फसवा असतो. तो झिजलेल्या पंपाचा असू शकतो, तसाच तेलात शिरलेल्या हवेचाही असू शकतो.

येथेच उतावीळपणा महागात पडतो. स्टिअरिंग जड झाले, की 'पंप गेला' असा निवाडा तत्काळ दिला जातो. त्याआधी काही तपासण्या कराव्यात. पुढील टायरांत हवा पुरेशी आहे काय? टाकीतील तेलाची पातळी बरोबर आहे काय, आणि तेलावर फेस येतो काय? फेस येत असेल, तर टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीची क्लिप सैल आहे किंवा नळीस चीर पडली आहे, असे समजावे. पट्टा सैल असून घसरत नाही ना? टाकीतील फिल्टर तुंबला नाही ना? नंतर चाकांना मागेपुढे उटी लावून पुढचा आस जॅकने उचलावा, भक्कम घोडीवर टेकवावा आणि इंजिन बंद ठेवून चक्र फिरवून पाहावे. अशा स्थितीतही ते अडखळत असेल, तर दोष बहुधा ग्रीस न मिळालेल्या किंगपिनचा किंवा सांध्यांचा असतो. नवा पंप बसवून तो जाणार नाही.

अखेरचा निर्णय दाबमापकाने करावा. पंपाच्या दाबनळीत मापक व झडप जोडून, इंजिन मंद ठेवून, झडप क्षणभर बंद करतात. पाच सेकंदांहून अधिक मुळीच नाही. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला दाब चढला, तर पंप निरोगी असून दोष स्टिअरिंग बॉक्समध्ये आहे. दाब चढला नाही, तर पंप बदलावा. हे मापक ज्या गॅरेजमध्ये आहे, तेथे गाडी नेण्याचे श्रम वाया जात नाहीत.

आता प्रत्यक्ष बदलाविषयी. इंजिन थंड झाल्यावर टाकीतील तेल स्वच्छ डब्यात काढावे व त्याचे निरीक्षण करावे. ते काळपट असेल, जळकट वास येत असेल किंवा तळाशी चकाकणारा चुरा दिसत असेल, तर रोगाचे मूळ सापडले असे समजावे. नळ्या सोडविताच त्यांची तोंडे बंद करावीत. पंपावर पुली असेल, तर ती पुलरनेच काढावी. हातोड्याचा एक घाव नव्या पंपाचेही आयुष्य घटवितो. तांब्याचे वायसर व ओ-रिंग नवेच घालावेत. नवा पंप बसविण्यापूर्वी त्यात थोडे तेल ओतून दांडा हाताने फिरवावा, म्हणजे पहिल्या क्षणी तो कोरडा चालणार नाही.

नवा पंप बसला, तरी जुने तेल नळ्यांत व स्टिअरिंग बॉक्समध्ये उरलेलेच असते. तेच फिरू दिले, तर त्यातील चुरा नव्या पात्यांना खाऊ लागतो आणि काही महिन्यांत तक्रार परत येते. यासाठी परतीची नळी डब्यात सोडून, टाकीत नवे तेल ओतीत, उचललेल्या पुढच्या चाकांसह चक्र दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवावे व स्वच्छ तेल येईपर्यंत हे चालू ठेवावे. फिल्टर नवा घालावा. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच असावे. मग नळी जोडून, प्रथम इंजिन बंद ठेवून आणि नंतर मंद चालवून, चक्र पुन्हा फिरवीत हवा काढावी. इंजिन थांबविताच टाकीतील पातळी एकदम वर येत असेल, तर आत हवा शिल्लक आहे. काढलेले तेल गटारात न ओतता जुने तेल घेणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्यावे.

एक इशारा आवर्जून देतो. इंजिन चालू असताना दाबनळीची गळती हाताने चाचपू नये. सूक्ष्म छिद्रातून उडणारे तेल त्वचा भेदून आत शिरते आणि त्यामुळे बोटे गमावण्याची पाळी येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती पाहावी.

पंप बंद पडला, तरी चक्र व चाके यांचा यांत्रिक संबंध तुटत नाही. गाडी वळते, पण जोर फार लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियम क्र. ७९ नुसार अवजड मालमोटारीच्या चक्रास साधारणतः २० किलोपर्यंतचा जोर चालतो. साहाय्य बंद पडल्यास ही मर्यादा सुमारे ४५ किलोपर्यंत जाते. आग्रा रस्त्यावरील भेरूघाट, सेंधव्यापुढील बिजासन घाट किंवा बेळगावहून गोव्यात उतरणारा अनमोड घाट येथील वळणावर असा जोर अकस्मात लावावा लागणे किती धोक्याचे, हे सांगावयास नको. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणारा चालक हे संकट स्वतःच ओढवून घेतो. कारण इंजिन थांबले, की पंपही थांबतो.

नवा पंप घ्यावा, की जुना दुरुस्त करावा? कडे व पात्या यांवर ओरखडे नसतील आणि केवळ सील गळत असेल, तर सील-संच बदलून काम भागते. कड्यावर बोटाच्या नखाला लागेल अशी लाटांची खूण असेल, तर दुरुस्तीत पैसा घालू नये. निर्णय कोणताही घ्या. तेल, फिल्टर आणि नळ्यांच्या क्लिपा यांचा खर्च त्यात धराच. मालकाला ही रक्कम एका फेरीच्या हिशेबात जड वाटेल. परंतु दिवसभर ते चक्र ज्याच्या खांद्यांवर फिरते, त्या चालकाच्या दृष्टीने ती जड नाही. आणि पुष्कळ घरांत तो चालक आपलाच भाऊ किंवा मुलगा असतो.