पहिल्या पुस्तकाची दखल

ऑस्ट्रियाच्या साल्झबुर्ग प्रांतात, होहे टाउर्न पर्वतरांगेत राउरिस नावाचे गाव आहे. एके काळी तिथल्या खाणींतून सोने निघत असे. १९७१ पासून या गावात साहित्यदिन भरतात आणि १९७२ पासून प्रांताच्या वतीने राउरिस साहित्य पुरस्कार दिला जातो. तो मिळतो जर्मन गद्यातल्या पहिल्या पुस्तकाला. लेखक कुठल्याही देशाचा चालतो. माझ्या मते या पुरस्काराचे सगळे मोल त्या ‘पहिल्या’त आहे. पहिले पुस्तक बहुधा वर्षानुवर्षे मनात साठलेल्या ऐवजावर निभावते. लेखकाचा खरा कस लागतो तो त्यानंतर, आणि नेमक्या त्याच वेळी त्याला विचारणारे फारसे कोणी नसते.

यावर हमखास घेतला जाणारा आक्षेप असा, की पदार्पणाचे पुस्तक पाहून लेखक ओळखणे म्हणजे अंदाजपंचे कारभार. १९८५ च्या हेर्टा म्युलर, १९९९ चे पेटर श्टाम, २००२ च्या युली त्से ही नावे पुढे गाजली, पण मानकऱ्यांपैकी सगळ्यांच्याच वाट्याला अशी कीर्ती आली नाही. आक्षेप खरा आहे, पण तो चुकीच्या जागी लागतो. हा पुरस्कार लेखकाचे भविष्य वर्तवत नाही, हातातल्या पुस्तकाची पारख करतो. म्युलर यांचेच पाहा. ‘नीडरुंगेन’ हा त्यांचा कथासंग्रह १९८२ मध्ये बुखारेस्टला सेन्सॉरच्या कात्रीतून निघाला आणि १९८४ मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये प्रकाशित झाला. रुमानियातल्या जर्मनभाषक खेड्याचे कोंदट जगणे त्यात एका मुलीच्या नजरेने उघडे पडते. त्यामुळे त्यांच्याच समाजातले अनेकजण चिडले. खेड्याची अशी सालटी काढणाऱ्या पुस्तकाला दूरच्या एका खेड्यातल्या पुरस्काराने मान दिला. नोबेल आले २००९ मध्ये, पण ते आले नसते तरी १९८५ चा निर्णय तितकाच योग्य ठरला असता.

प्रांताचा पैसा बाहेरच्यांना कशाला, असेही विचारता येईल. मात्र साहित्यदिनांत लेखक नुसता सन्मान घेऊन परतत नाही. खोऱ्यातल्या शेतघरांतही वाचने होतात. पूर्वी शिंपी आणि मोची शेतकऱ्याच्या घरी मुक्काम करून काम करत, तसा लेखक घरी येऊन वाचतो आणि श्रोते हाताच्या अंतरावर बसलेले असतात. साल्झबुर्ग विद्यापीठाचे विद्यार्थीही चर्चेत उतरतात. नवख्या लेखकाला इतक्या जवळून ऐकणारे लोक शहरातल्या सभागृहात सहसा भेटत नाहीत, आणि गावालाही जर्मन साहित्यात नवे काय घडते आहे ते घरबसल्या कळते. स्थानिकांसाठी वेगळा प्रोत्साहन पुरस्कार आहेच. त्यासाठी साल्झबुर्गशी नाते असलेल्यांनी दिलेल्या विषयावर अप्रकाशित मजकूर पाठवायचा असतो. विषय ठरवून दिल्याने लेखणीला थोडा लगाम बसतो, हे मला खटकते. तरीही ज्याच्या नावावर अजून एकही पुस्तक नाही, त्यालाही या वाटेने दार उघडते.