साधना आणि तालीम

जप आणि जोर यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु आपल्या आखाड्यांत मारुतीची मूर्ती असते आणि मल्ल मातीला नमस्कार करूनच तीत उतरतो. यामागे केवळ श्रद्धा नाही. दोन्हींची रीतच एक आहे.

दीर्घकाळ, अखंड आणि आदराने केलेला अभ्यासच दृढ होतो, असे योगसूत्रांत पतंजली सांगतात. शरीराचेही तेच. भार हळूहळू वाढवून विश्रांती दिली की स्नायू बळावतात. सराव सुटला की ताकद ओसरते. जपाला माळ, तशी बैठकांना गणती; तिथे गुरू, इथे वस्ताद. सूर्यनमस्कारात तर सूर्याची बारा नावे आणि व्यायाम एकत्रच येतात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा हिरिरीने प्रसार केला. आपल्या विदर्भात १९१४ साली अमरावतीस सुरू झालेली व्यायामसंस्थाही हनुमानाच्याच नावाची.

आमच्या जिवतीत पोलीस भरतीसाठी पहाटे १६०० मीटर धावणारे मित्र मी पाहतो. भरती झाली वा हुकली की बहुतेकांचे धावणे थांबते. फळासाठीच केलेला सराव फळाबरोबर संपतो. मित्रहो, निवड थोड्यांचीच होणार. नित्यनेम मात्र प्रत्येकाला साधेल. धावणे हीच साधना मानली, तर हुकलेल्याच्या हातीही निरोगी शरीर आणि स्थिर मन उरेल.