खिशांतील संगीतयंत्राची पारख

महागडें संगीतयंत्र उत्तमच वाजणार, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः जें यंत्र किंचित् मोठ्यानें वाजतें, तेंच आपल्या कानांस सरस भासतें. यास्तव दोन यंत्रें ताडून पाहतांना हेडफोन एकच ठेवावा, आवाज समान करावा व कोणतें यंत्र वाजत आहे हें ऐकणारास कळूं देऊं नये. नंतर मिरजेच्या तंबोऱ्याचें ध्वनिमुद्रण लावावें. जवारीमुळें एकाच तारेंतून अनेक सूक्ष्म स्वर उमटतात. ते कोठें अधिक स्वच्छ ऐकूं येतात तें पाहावें. फरक न कळल्यास अधिक पैसे मोजण्याचें कारण नाहीं. भाईंदरहून मुर्ध्यास येणाऱ्या बसच्या गोंगाटांत ही परीक्षा होत नाहीं. तेथें आपण आवाज मात्र वाढवितों. मुलांसाठीं ७५ डेसिबल, आठवड्यास ४० तास, ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितली. यंत्र बदलतां येतें. कानांतील नाजूक पेशी नष्ट झाल्यावर पुन्हां उगवत नाहींत.