पुन्हा पुन्हा नाव का विचारतात?

“सकाळपासून किती वेळा नाव विचारलं! यांच्याकडे नोंद नाही का?” वॉर्डात हा त्रागा नेहमी ऐकू येतो. पण वारंवार विचारणं हा गोंधळ नव्हे. औषध, तपासणीचा नमुना, रक्त, शस्त्रक्रिया, प्रत्येक वेळी किमान दोन खुणांवरून रुग्ण ओळखावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगितलं आहे. न विचारता सुई टोचणाऱ्याची खरी काळजी वाटायला हवी.

बेड नंबर पुरेसा वाटतो, पण पेशंट रात्रीतून दुसऱ्या खाटेवर हलवला जातो. म्हणून बेड नंबर ओळख म्हणून धरत नाहीत.

“सुनीताबाई ना तुम्ही?” या प्रश्नालाही अर्थ नाही. गुंगीतली किंवा कमी ऐकू येणारी आजी कशालाही “हो” म्हणते. “पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा” असंच विचारायचं आणि उत्तर मनगटावरच्या पट्टीशी व केसपेपरशी ताडून पाहायचं. आपल्याकडे त्यातही अडचण असते. एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं; आणि शाळेत घातलेली १ जून ही जन्मतारीख तर एकाच वॉर्डात दोघांची असू शकते. अशा वेळी रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक उपयोगी पडतो.

सर्वांत घातक गैरसमज रक्ताबद्दलचा: “ब्लड बँक तपासतेच की!” ब्लड बँक ट्यूबमधलं रक्त तपासते. ट्यूबवर दुसऱ्याचंच नाव असेल, तर तपासणी अचूक होऊनही रक्त चुकीचं येऊ शकतं. म्हणून लेबल रक्त काढल्यावर, पेशंटच्या खाटेजवळच लावायचं. आधीच लेबल लावलेल्या ट्यूबा ट्रेमध्ये घेऊन फिरायचं नाही. पिशवी लावण्यापूर्वी दोघांनी तिच्यावरचा क्रमांक, रक्तगट आणि मुदत पट्टीशी व कागदांशी पडताळायची. न जुळणाऱ्या गटाचं थोडं रक्तही तांबड्या पेशी फोडतं, मूत्रपिंडं निकामी करू शकतं, जीवही घेऊ शकतं.

पट्टी बिलापुरती नसते. सलाईनसाठी कापली, तर लगेच दुसरी बांधून घ्यावी. बाळाची पट्टी आईच्या पट्टीशी दर वेळी जुळवूनच बाळ हातात घ्यावं.

दाखल होतानाच पट्टीवरचं नाव वाचा. चूक दिसली तर तिथल्या तिथे बदलून मागा. पेशंट बेशुद्ध असेल, तर नातेवाइकांनी उत्तरं द्यावीत. आणि कुणी न विचारता इंजेक्शन भरलं, तर निःसंकोच म्हणा: “सिस्टर, आधी पट्टी बघता का?”