छत्तीसचा आकडा, छत्तीस गुण!

तुमच्या सोसायटीत पहाटे येणाऱ्या दूधवाल्याची काळी सायकल आणि पार्किंगमध्ये उभी असलेली तुमची चकाचक 'ट्वेंटीनाइनर' माउंटन बाइक. या दोघींत रिम मोठी कोणाची? ट्वेंटीनाइनर म्हणालात? चूक! टायर जिथे बसतो तिथे मोजली, तर ट्वेंटीनाइनरची रिम भरते ६२२ मिलिमीटर आणि दूधवाल्याच्या २८ इंचीची चक्क ६३५. तिचं २९ हे जाडजूड टायरमुळे आलेलं मोठेपण आहे. सायकलच्या दुनियेतला इंचांचा हिशेब असाच गमतीशीर असतो. पण आज ज्या चाकाबद्दल सांगायचंय, त्याच्यापुढे या दोघीही लिंबूटिंबू. हे चाक आहे ३६ इंचांचं! टायरसकट ९१ सेंटिमीटर. तुमच्या डायनिंग टेबलापेक्षाही उंच.

मला ते भेटलं कॅलिफोर्नियात, माझ्या मावसभावाच्या गॅरेजमध्ये. दादा मूळचा नाशिकचा, आता बे एरियात सॉफ्टवेअरवाला. उंची सहा फूट पाच इंच. शाळेत 'उंट' हे नाव पडलेलं. नववीत असताना त्याचे गुडघे हँडलला आपटायचे आणि कॉलनीतली पोरं 'आली रे आली, सर्कस आली' म्हणून ओरडायची. एके दिवशी त्याने सायकल जिन्याखाली लावली ती लावलीच. पुढची पंधरा वर्षं दादाचा आणि सायकलचा छत्तीसचा आकडा!

उंच माणसाची गोची नेमकी काय होते, हे त्यानेच मला समजावलं. कंपन्या उंच लोकांसाठी फ्रेम मोठी करतात, पण चाकं सगळ्यांना तीच. शर्टाची उंची वाढवायची आणि बाह्या तेवढ्याच ठेवायच्या, तसला प्रकार. सीट वर चढते तशी मागेही सरकते, सगळा भार मागच्या चाकावर येतो आणि चढावर पुढचं चाक हलकं होऊन डुगडुगायला लागतं. दिसायला तर विचारूच नका. मोठा माणूस पोराची सायकल पळवून नेतोय असंच वाटतं.

या चाकाचा जन्म मात्र उंच माणसांसाठी झालेला नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या चॅटानूगा गावच्या 'कोकर टायर' या कंपनीने ३६ इंची टायर बाजारात आणला, तो एकचाकी सायकलींसाठी. ही कंपनी एरवी जुन्या विंटेज गाड्यांचे टायर बनवणारी! मग हाताने फ्रेम घडवणाऱ्या काही वल्ली कारागिरांच्या डोक्यात किडा वळवळला, की एक चाक मिळतंय तर दोन का नको? डेव्हिड फॉल्श हा असाच स्वतः साडेसहा फुटांचा गडी. त्याने 'डर्टीसिक्सर' नावाने ३६ इंची सायकली बनवायला घेतल्या. बास्केटबॉलचा सात फुटी महारथी शकील ओ'नील यालाही त्याच्याकडून सायकल मिळाली.

दादाची सायकल अशाच एका छोट्या वर्कशॉपमध्ये घडली. टेलरकडे सूट शिवायला जावं तसा तो गेला. तांगडीची लांबी, हातांची लांबी, खांद्यांची रुंदी, सगळी मापं घेतली गेली. मग बसायची ढब कशी हवी यावर तासभर चर्चा. क्रोमोली स्टीलच्या नळ्या, वेल्डिंग, रंग, काही महिन्यांची वाट आणि काही हजार डॉलरचा चुराडा. आपल्याकडे त्या पैशांत झकास मोटरसायकल आली असती. मावशीला आकडा अजून कळलेला नाही, तेव्हा हा लेख तिच्या हाती लागू नये ही प्रार्थना.

आता मुद्द्याचं. चालवायला कशी?

मी पाच फूट सात इंच. सीट पार खाली घेतली तरी चढायला फुटपाथची कड लागली, लहानपणी बाबांच्या चोवीस इंचीवर चढायला ओटा लागायचा तसा. तिथे निदान दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारता यायचं. इथे दादाने मागून सीट धरली आणि म्हणाला, "अगं, घाबरू नको. पहिले चार पायडल ती तुला ओढायला लावेल, मग ती तुला ओढेल."

आम्ही माउंटन व्ह्यूच्या शोरलाइनजवळ, खाडीकाठच्या बंधाऱ्यांवर होतो. खडी टाकलेला सपाट रस्ता, एका बाजूला उथळ पाणी, त्यात शेकाट्याच्या जातीचे लांब तंगड्यांचे पक्षी. दादाचे नातेवाईकच! पहिले चार पायडल खरंच जड गेले. एवढं मोठं चाक, वजन सगळं परिघावर, ते फिरायला लागायला वेळ घेतं. पण एकदा का लय सापडली, की बॉस, जादू! खालची खडी दिसतेय, तिचा आवाजही येतोय, पण हाताला काही जाणवतच नाही. लहान चाक ज्या खड्ड्यात उतरतं, त्यावरून हे नुसतं ओलांडून जातं. दगड समोर आला तर त्याला धडकत नाही, हळूच वर चढतं. पायडल थांबवलं तरी सायकल आपल्याच तंद्रीत पुढे पुढे. आणि उंच बसलोय असं वाटतच नाही. चाकांवर नव्हे, दोन चाकांच्या मधोमध, होडीत बसल्यासारखं वाटतं.

वळण मात्र जपून. वेगात असताना तिला सरळच जायचं असतं, आणि हळू वळताना माझ्या बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासायचं. दादाचं घासत नाही. त्याची फ्रेमच त्या हिशेबाने लांब केलीय.

मोठ्या चाकाचं हे वेड नवं नाही. १८७०च्या दशकात पेनी-फार्दिंग आली, तीही ग्राहकाच्या तांगडीच्या मापानेच. पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं, त्यामुळे पाय जेवढे लांब तेवढं मोठं चाक आणि तेवढा जास्त वेग. म्हणजे तेव्हा उंच माणसाचा थाट होता! थॉमस स्टीव्हन्स नावाचा पठ्ठ्या एप्रिल १८८४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून, दादाच्या घरापासून तासाभराच्या अंतरावरून, ५० इंची चाकावर निघाला आणि डिसेंबर १८८६मध्ये जपानच्या योकोहामाला पोचला. वाटेत लाहोरपासून कोलकात्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडही त्याने तुडवला. पण ही सायकल दगडाला अडली की स्वार डोक्यावर आपटायचा. १८८५मध्ये चेनवाली, सारख्या चाकांची 'रोव्हर' आली, १८८८मध्ये डनलपचा हवेचा टायर आला आणि पेनी-फार्दिंगचा खेळ खल्लास. आजही गिअर मोजताना सायकलवाले 'गिअर इंच' म्हणतात, ते त्याच चाकाचे इंच.

त्रास? आहेत ना. बसच्या पुढच्या रॅकमध्ये ही सायकल मावत नाही, गाडीच्या डिकीचा तर प्रश्नच नाही. टायर-ट्यूबच्या निवडीला वाव नाही. पंक्चर झालं तर कोपऱ्यावरचा दुकानदार हात जोडतो. लांब आरे जास्त लवचिक, म्हणून चाक बांधणारा पक्का मुरलेला लागतो. शिवाय सिग्नलला थांबत थांबत जायचं असेल तर दर वेळी तेच चार जड पायडल. ऑफिसला जायला मी तरी ही घेणार नाही.

पण हसण्याआधी थांबा. २०००च्या आसपास ट्वेंटीनाइनरलाही लोक असेच हसत होते, आणि २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या माउंटन बाइक शर्यतीचं सुवर्ण ट्वेंटीनाइनरवरच्या यारोस्लाव कुल्हावीने नेलं. २०२५मध्ये ३२ इंची टायर आणि नमुना-सायकली दिसायला लागल्या आहेत.

दादा आता रोज संध्याकाळी तासभर जातो. एक दिवस मी मागून नेहमीच्या भाड्याच्या सायकलवर होते. समोरून येणाऱ्या दोघी बायका त्याच्याकडे पाहून हसल्या, हात केला, आणि पुढे गेल्यावर एक दुसरीला म्हणाली, काय सुंदर सायकल आहे! माणूस केवढा उंच आहे, हे दोघींपैकी कोणीच म्हणालं नाही. दादाला हे सांगितलं तर तो नुसताच घंटी वाजवत राहिला.

छत्तीस गुण जुळलेत खरे. पुढच्या दिवाळीत तो तिला नाशिकला आणायचं म्हणतोय. फोनवर मावशीचा एकच प्रश्न होता, "अरे, पण ती जिन्याखाली मावेल का?"